बिघाड नेमका कुठे?

वाचकहो, गावातल्या शाळेत संगणक आला, ग्रामपंचायतीत आला, आणि आता पुष्कळांच्या घरातही आला. त्याच्यामागोमाग इंटरनेटची जोडणी आली आणि तिच्या पाठोपाठ एक रोजचे गाऱ्हाणेही आले : "नेट येतं आणि जातं." हे येणे-जाणे मोठे त्रासाचे. अजिबात बंद पडले तर निदान तेवढे तरी कळते. पण मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून होत आला, शेवटचे बटण दाबायचे राहिले, आणि पडद्यावर ते चक्र गरगर फिरत बसले, म्हणजे माणूस काय करतो? बटण पुन्हा दाबतो. मग आणखी पाच वेळा दाबतो. डबा बंद करून चालू करतो, वायर हलवून पाहतो, आणि एवढ्यानेही भागले नाही तर बाजारातून नवा डबा आणतो. नव्या डब्यावरही चक्र फिरतच राहते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली गत होते.

या सगळ्या धडपडीत एकच प्रश्न विचारायचा राहून जातो. बिघाड आहे तरी नेमका कुठे? संगणकात, घरातल्या डब्यात, रस्त्यावरच्या केबलीत, की हजारो मैलांवर समुद्राच्या तळाशी? प्रश्न साधा दिसतो. पण तो कसा विचारावा हे शिकायला माणसाला पुष्कळ वर्षे आणि लाखो पौंड खर्ची घालावे लागले. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे. शिवाय तो उपयोगाचाही आहे, कारण आपल्या घरातला डबा कसा तपासावा याची सगळी किल्ली त्यातच आहे.

प्रारंभ आपल्याच देशापासून करू. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये हुगळी नदीच्या काठी तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार कामाला लागली, आणि १८५५ च्या प्रारंभी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारे तारांचे जाळे सर्वसामान्य लोकांना खुले झाले.

ही तार खांबावरून जाई. वादळाने खांब पडे, झाडाची फांदी तारेवर येई, कुठे तार तुटे. मग दोष शोधायचा कसा? वाटेवर ठिकठिकाणी तारकचेऱ्या असत. आपल्या कचेरीतून पहिल्या कचेरीला हाक द्यायची. उत्तर आले, तर तिथपर्यंतची तार ठीक. मग दुसऱ्या कचेरीला हाक. जिच्यापर्यंत उत्तर मिळते अशी शेवटची कचेरी, आणि जिच्याकडून मिळत नाही अशी पहिली कचेरी, या दोहोंच्या मध्येच दोष असला पाहिजे. तेवढ्याच टापूत माणूस पाठवायचा. ही युक्ती ध्यानात ठेवा बरे, पुढे ती आपल्याला वेगळ्या वेशात पुन्हा भेटणार आहे.

जमिनीवर हे ठीक होते, कारण तिथे माणूस चालत जाऊ शकतो. पण तार समुद्राखालून गेली म्हणजे? वाटेत कचेरी नाही, खांब नाही, आणि तार दोन-अडीच मैल खोल पाण्यात. तिथे कोण चालत जाणार?

हा प्रश्न १८५८ साली उभा राहिला. आयर्लंडचे व्हॅलेन्शिया बेट आणि अमेरिकेकडचे न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळावरून केबल टाकायचा घाट एका कंपनीने घातला होता. केबलीच्या पोटात तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टण, आणि बाहेरून लोखंडी तारांचे चिलखत. १८५७ मधला पहिला प्रयत्न केबल तुटून फसला. अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी केबलीची दोन्ही टोके किनाऱ्याला लागली. दोन्ही देशांत दिवाळी साजरी झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला संदेश या केबलीतून गेला. संदेश होता ९८ शब्दांचा आणि तो पोहोचायला लागले सुमारे १६ तास!

इतका वेळ का लागावा? याचे उत्तर ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनी आधीच देऊन ठेवले होते. समुद्रातली लांब केबल ही नुसती तार नसते, असे ते सांगत. वेष्टणाच्या आत तांबे आणि बाहेर खारे पाणी, त्यामुळे केबल स्वतःच वीज साठवून ठेवते. कोरड्या पाटात पाणी सोडले, तर दुसऱ्या टोकाशी ते एकदम येत नाही. आधी पाट भिजतो, मग थेंब-थेंब, मग धार. विजेच्या खुणेचेही तसेच. या टोकाला दिलेली ठसठशीत खूण त्या टोकाला पसरट आणि क्षीण होऊन निघते. त्यावर टॉमसन यांचा उपाय असा, की प्रवाह हलकाच द्यावा आणि घेणारे यंत्र अतिशय नाजूक करावे. त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवले. त्यात एक चिमुकला आरसा टांगलेला असे. जरासा प्रवाह आला की आरसा हले आणि त्याच्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरके.

पण कंपनीचे विद्युत्-तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे गृहस्थ मूळचे शस्त्रवैद्य. टॉमसन यांचे गणित त्यांना मान्य नव्हते. खूण पोहोचत नाही ना, मग जोर वाढवा, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी मोठमोठी वेटोळी लावून सुमारे २००० व्होल्टचा दाब केबलीला दिला. केबलीत आधीपासूनच कच्चे दुवे होते. कारखान्यात ती घाईने तयार झाली होती आणि नंतर उन्हातही पडून राहिली होती. जिथे वेष्टण पातळ होते तिथे या दाबाने ते आणखी फाटले. खुणा अस्पष्ट होत गेल्या. कंपनीने व्हाइटहाउस यांना दूर केले आणि टॉमसन यांनी आपल्या आरशाच्या यंत्रावर होईल तेवढे काम चालवले. पण सप्टेंबर उजाडताना केबल मुकी झाली ती कायमची.

या अल्पायुषी केबलीचा आपल्या देशाशी एक विलक्षण संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन इंग्रज पलटणींना परत बोलावण्याचे हुकूम सुटले होते. पुढे उठाव मोडत आला, तेव्हा या पलटणी हलवण्याची गरज उरली नाही. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी, म्हणजे केबल अगदी शेवटच्या घटका मोजत असताना, "पलटण परत आणू नका" असा निरोप तिच्यातून गेला. एवढ्या एका निरोपाने सुमारे ५०,००० पौंड वाचले असा हिशेब त्या वेळी सांगितला गेला. केबल चालली तर काय होऊ शकते आणि मेली तर काय गमावते, हे दोन्ही सरकारला एकदमच कळले.

हिंदुस्थानची तार विलायतेशी जोडायची घाई आता आणखी वाढली. १८५९-६० मध्ये सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत तांबड्या समुद्रातून केबल टाकली. सरकारने त्या कंपनीला वर्षाला ३६,००० पौंड, आणि तेही ५० वर्षे, देण्याची हमी दिली होती. पण केबल समुद्रतळावर ढिली सोडण्याऐवजी ताणून टाकली गेली. खडकांच्या दोन शिखरांमध्ये ती लोंबकळत राहिली, तिच्यावर शिंपल्यांचे थर चढले आणि आपल्याच वजनाने ती जागोजाग तुटली. सगळी लांबी एकाच वेळी सुरळीत चालली असे कधी घडलेच नाही. हमीचे पैसे मात्र सरकारी तिजोरीतून वर्षानुवर्षे जात राहिले.

तेव्हा विलायतेत चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १८६१ मध्ये बाहेर आला. तोवर जगात टाकलेल्या ११,००० हून अधिक मैल समुद्री केबलींपैकी जेमतेम ३,००० मैल चालू होत्या! समितीपुढे अनेकांच्या साक्षी झाल्या आणि त्यांतून एक गोष्ट उघड झाली. केबल चांगली की वाईट हे लोक अंदाजाने सांगत होते. तांबे शुद्ध किती, वेष्टण विजेला किती अडवते, हे मोजायला सर्वांना मान्य असे मापच नव्हते. कापड मोजायला वार आणि धान्य मोजायला पायली नसती तर बाजाराचे काय झाले असते? तशीच ही गत. म्हणून १८६१ मध्येच ब्रिटिश असोसिएशनने विजेच्या रोधाचे, म्हणजे अडवणुकीचे, माप ठरवण्यासाठी एक समिती नेमली. शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण ज्याला 'ओहम' म्हणतो, ते माप या खटपटीतून रुळले. फळ्यावर ते चिन्ह काढताना मुलांना अवश्य सांगावे, की समुद्रात बुडालेल्या लाखो पौंडांनी ते आपल्याला मिळवून दिले.

मोजमाप हाती आले आणि चमत्कार घडला. किनाऱ्यावर बसून समुद्रातल्या दोषाची जागा सांगता येऊ लागली! कसे ते शिक्षकांनी वर्गात करून दाखवावे इतके सोपे आहे. एक केबल आहे १०० मैलांची, आणि तिच्या दर मैलाचा रोध १० ओहम. (आकडे केवळ उदाहरणाचे.) कुठेतरी वेष्टण फाटले आणि वीज तिथून समुद्रात जाऊ लागली. पलीकडचे टोक मोकळे ठेवून अलीकडून रोध मोजला, तो भरला ४५० ओहम. यावरून दोष ४५ मैलांवर आहे असे म्हणावे काय? नाही. कारण फाटलेल्या जागी वीज पाण्यात उतरताना तिथेही काही रोध असतो आणि तो किती ते आपल्याला ठाऊक नाही. म्हणून आता अलीकडचे टोक मोकळे ठेवून पलीकडून मोजले. ते भरले ७५० ओहम. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी दोन, दोषाचे अंतर आणि दोषाचा रोध. आणि आपल्याजवळ समीकरणेही दोन. दोन्ही मापांत दोषाचा रोध तोच आहे, म्हणून एकातून दुसरे वजा केले की तो निघून जातो. फरक राहतो ३०० ओहमचा, म्हणजे ३० मैलांचा. याचा अर्थ असा, की एक तुकडा दुसऱ्यापेक्षा ३० मैल लांब. दोन्ही मिळून १०० मैल. तेव्हा अलीकडचा ३५ आणि पलीकडचा ६५. दोष ३५ मैलांवर, आणि त्याचा स्वतःचा रोध १०० ओहम. नववी-दहावीच्या बीजगणितातली ही एकसामायिक समीकरणे. ती सोडवायची आणि बोटीला सांगायचे, "जा, तिथे गळ टाका."

ही विद्या किती पक्की झाली याची परीक्षा लवकरच झाली. १८६५ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र बोटीवरून अटलांटिकमध्ये नवी केबल टाकायला सुरुवात झाली. या वेळी केबल पाण्यात उतरत असतानाच तिची तपासणी चालू होती. प्रारंभीच ठिपका सरकला. दोष! केबल मैलोन् मैल मागे ओढून पाहिली, तो वेष्टणात लोखंडी तारेचा एक तुकडा आरपार घुसलेला सापडला. पुढे १,२०० मैल टाकून झाल्यावर केबल तुटून तळाला गेली. पण १८६६ मध्ये नवी केबल यशस्वी झाली, आणि त्याच वर्षी आदल्या वर्षीची बुडालेली केबलही दोन मैल खोल पाण्यातून गळाने वर काढून पुरी करण्यात आली. हीच 'ग्रेट ईस्टर्न' फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघाली, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून विलायतेशी जोडली गेली. आठवड्यांची बातमी तासांवर आली.

आता एक शतक ओलांडू. तार गेली नाही, तिच्या दोन्ही टोकांना संगणक आले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांचे संगणक 'आर्पानेट' या जाळ्यावर प्रथम बोलले. बोलले म्हणजे काय, 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे गेली आणि समोरचे यंत्र बंद पडले! दुरुस्ती करून काही वेळाने शब्द पुरा झाला. जोडणी येते-जाते ही तक्रार इंटरनेटच्या जन्माइतकीच जुनी आहे, असे म्हटले तरी चालेल.

या जाळ्यात संदेश अखंड धारेने जात नाही. त्याचे लहान लहान पुडके होतात, प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, आणि वाटेतले थांबे ते पुढे पुढे ढकलतात. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने जी नवी नियमावली घेतली, तीच आजच्या इंटरनेटची नियमावली. पण थांबे वाढले तसा जुना प्रश्न परत उभा राहिला. पुडके हरवले, पण कुठे?

डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या तरुणाला जाळ्यातली अशीच एक गडबड शोधायची होती. त्याने एका संध्याकाळी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या पत्त्यावर एक पुडके पाठवायचे, "आहात का?" समोरच्याने तेच परत करायचे, "आहे." मध्ये किती वेळ गेला तो मोजायचा. पाणबुडी शोधण्यासाठी समुद्रात सोडलेल्या ध्वनीचा जो आवाज होतो, त्यावरून त्याने याचे नाव ठेवले 'पिंग'. पुढे १९८७ च्या सुमारास व्हॅन जेकबसन यांनी आपले सहकारी स्टीव्ह डीरिंग यांच्या सूचनेवरून दुसरी युक्ती काढली. प्रत्येक पुडक्यावर एक आकडा असतो. प्रत्येक थांब्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की तो थांबा पुडके टाकून देऊन "तुमचे पुडके इथे संपले" असे कळवतो. जेकबसन यांनी आधी १ आकड्याचे पुडके सोडले, मग २ चे, मग ३ चे. पहिला थांबा बोलला, दुसरा बोलला, तिसरा बोलला. साऱ्या वाटेचा नकाशाच हाती आला. याला 'ट्रेसराउट' म्हणतात. आता आठवले का? एकेका तारकचेरीला क्रमाने हाक देण्याची ती जुनी युक्ती, हीच ती!

व्हाइटहाउस यांची चूकही संगणकांनी पुन्हा केली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली एक प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग एकाएकी कोसळला. अंतर जेमतेम ४०० यार्डांचे, आणि वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती. झाले होते असे, की गर्दीमुळे काही पुडकी हरवली, तेव्हा पाठवणाऱ्या संगणकांनी ती घाईघाईने पुन्हा पाठवली. त्याने गर्दी वाढली, आणखी हरवली, आणखी पाठवली. बाजाराच्या दिवशी अरुंद बोळात गाड्या अडकल्या असताना मागचा प्रत्येक गाडीवान बैलांना चाबूक मारू लागला, तर काय होईल? तेच झाले. याच जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. पुडके हरवले तर ती गर्दीची खूण समजा, आपला वेग आवरा, आणि वाट मोकळी होत असेल तसतसा हळूहळू वाढवा. आजही आपल्या संगणकांतून असाच संयम चालतो, म्हणून जाळे उभे आहे. तेव्हा चक्र फिरत असताना तेच बटण दहा वेळा दाबण्यात शहाणपण नाही, हे सांगायला नको.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून आणि टेलिफोनच्या तारेवरून. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची सरकारी योजना मंजूर झाली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. काचतंतूतला दोषसुद्धा मोजूनच शोधतात. या टोकाने प्रकाशाची चमक सोडायची आणि तिचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहायचे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात आला, तर जाऊन-येऊन २०० किलोमीटर झाले, म्हणजे दोष १०० किलोमीटरवर. आणि दोष पुष्कळदा खरोखरच दूर असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन मोठ्या केबली तुटल्या, आणि भारतातल्या लक्षावधी लोकांचे इंटरनेट मंदावले. दोन दिवसांनी दुबईजवळ आणखी एक केबल निकामी झाली. तिच्या तुटलेल्या जागी एका जहाजाचा पाच-सहा टनांचा टाकून दिलेला नांगर सापडला. त्या आठवड्यात इथे घरातला डबा बदलून काय उपयोग होता?

तर मग वाचकहो, या दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवावरून आपल्या घरी काय करावे? नियम एकच : आपल्या टोकापासून निघा, एकेक टप्पा तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झाले, तर कशाने झाले हे कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न : फक्त संगणकाचेच नेट जाते, की त्याच डब्यावर चालणाऱ्या मोबाइलचेही? मोबाइल ठीक असेल, तर दोष संगणकात किंवा त्याच्या जोडणीत. मात्र तपासताना मोबाइलवर सिमकार्डचे नेट बंद ठेवा, नाहीतर फसगत होईल.

दुसरा प्रश्न : डबा आणि संगणक यांच्यामध्ये वायफाय आहे काय? असल्यास संगणक तारेने डब्याला जोडून पाहा. तारेवर सुरळीत चालले तर बाहेरची लाइन निर्दोष; दोष हवेतल्या जोडणीत. जाड भिंती, लोखंडी कपाट, शेजारच्यांचे डबे, मायक्रोवेव्हची भट्टी, यांतले काहीही आड येऊ शकते. डबा उंचावर, मोकळ्या जागी ठेवला की पुष्कळदा भागते.

तिसरा प्रश्न : डब्याचे दिवे काय म्हणतात? सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर दोष विजेचा. व्होल्टेज खालीवर होत असेल किंवा अडॅप्टर थकला असेल. काचतंतूच्या डब्यावर 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. मग पांढरी बारीक केबल दाराच्या फटीत चेपली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, खिळ्याला गच्च वळवून बांधली आहे काय, ते नुसते डोळ्यांनी पाहा. काचतंतू फार वाकवला तर प्रकाश वळणावर गळतो. मात्र जोड उघडून काचेत डोळा घालू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

चौथा टप्पा पिंगचा. संगणकाच्या 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये इंग्रजीत पिंग हा शब्द लिहून पुढे आधी आपल्या डब्याचाच पत्ता द्यावा. तो बहुधा डब्याच्या पाठीवर छापलेला असतो, १९२.१६८.१.१ असा पत्ता पुष्कळ डब्यांचा असतो. उत्तर काही मिलिसेकंदांत, न चुकता आले, तर घर ठीक. मग बाहेरच्या एखाद्या मोठ्या संकेतस्थळाला पिंग करा. घरातले प्रत्येक उत्तर येते आणि बाहेरची मधूनच हरवतात, तर दोष उंबऱ्याच्या बाहेर. ट्रेसराउटने पुढचे थांबेही दिसतील. पण एक सावधगिरी : काही थांबे मुद्दामच उत्तर देत नाहीत. मधला एखादा थांबा गप्प आणि पुढचे बोलत असतील, तर गप्प थांब्याला दोषी धरू नये. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर लाइन ठीक असून नावावरून पत्ता सांगणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे असा बहुतेक वेळा अर्थ होतो.

आणि पाचवी गोष्ट, सर्वांत स्वस्त. एक वही. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाला पकडायला वहीसारखे साधन नाही. तारीख, वेळ, दिव्यांचा रंग, पिंगची उत्तरे, त्या वेळी पाऊस होता का, वीज गेली होती का. आठवडाभर नोंद ठेवली की बिघाड आपले गुपित स्वतःच सांगू लागतो. रोज रात्री आठ ते दहा जात असेल, तर बहुधा गर्दी. पाऊस पडला की जात असेल, तर कुठला तरी जोड भिजतो. पंप सुरू झाला की जात असेल, तर व्होल्टेज.

ही वही का महत्त्वाची, तेही सांगतो. तक्रार नोंदवायला फोन केला की खेड्यातल्या माणसाला बहुधा एकच उत्तर मिळते : "तुमच्याकडचाच बिघाड असेल, डबा बंद करून चालू करा." ज्याच्याजवळ नोंद नाही तो गप्प बसतो आणि पदरचे पैसे घालून नवा डबा आणतो. ज्याच्याजवळ नोंद आहे तो म्हणतो, "घरातल्या डब्याकडून शंभरात शंभर उत्तरे येतात, बाहेरून शंभरात वीस हरवतात, गेले सहा दिवस, रात्री आठनंतर." हे वाक्य बोलायला विद्युत्-तज्ज्ञाची पदवी लागत नाही. सातवीतली मुलगी ते बोलू शकते. आणि अशा वाक्यापुढे समोरच्याला आपली लाइन तपासावीच लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एक विनंती. शाळेतले नेट पुढच्या वेळी जाईल तेव्हा तास वाया गेला असे मानू नका. मुलांना डब्याभोवती गोळा करा आणि विचारा, बिघाड नेमका कुठे असेल? कुणी दिवे वाचेल, कुणी तार पाहील, कुणी पिंगचे आकडे फळ्यावर मांडील. ज्या कामाला १८५८ मध्ये २००० व्होल्टचा जोर पुरला नाही, ते एका हलक्या आरशाने आणि नीट ठेवलेल्या हिशेबाने साधले. मुलांच्या हातून ते एका तासात साधेल.